जेन आयरमधला देवाचा धागा कसा वाचायचा

जेन आयर ही शार्लट ब्राँटीची इंग्रजी कादंबरी लव्हस्टोरी म्हणून सगळेच वाचतात, पण दुसऱ्यांदा हातात घेतलीत ना तर पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे कोणी देवाचं नाव काढेल तिथे बाजूला एवढंच लिहा, कोण बोलतंय आणि त्याला समोरच्याकडून काय हवंय. बस्स.

चौथ्या चॅप्टरपासून सुरू करा. नरकात जायचं नसेल तर काय करशील असं मुलींची शाळा चालवणारा कडक पाद्री ब्रॉकलहर्स्ट विचारतो आणि दहा वर्षांची जेन म्हणते तब्येत सांभाळीन, मरणारच नाही! हसू येतं, पण तोवर तिला फक्त धाकातला देव माहितीये. मग सहावा आणि नववा, जेनच्या शाळेतल्या मैत्रिणीचे, हेलन बर्न्सचे, हे सावकाश वाचा. शत्रूवरही प्रेम कर म्हणणारी, क्षयाने मरताना शांत असलेली हेलन हाच आदर्श असं बरेच जण धरून चालतात, मला नाही पटत, जेन तिच्यावर जीव टाकते पण देव कुठे आहे, काय आहे हे तिलाही विचारतेच.

२४व्याचा शेवट अंडरलाइन करा. तिथे जेन स्वतः कबूल करते की ज्याच्याशी लग्न ठरलंय तो रॉचेस्टरच तिचा देव होऊन बसला होता. हे वाचलं नाही तर रॉचेस्टरची बायको जिवंत आहे हे कळल्यावर २७व्यात ती त्याचं घर सोडून जाते ते नुसतं लोक काय म्हणतील टाइप वाटतं, तसं नाहीये, देवाचा कायदा आणि स्वतःची किंमत ती एकाच दमात बोलते.

खरी कसोटी ३४-३५ मध्ये. तिचा आतेभाऊ, पाद्री सेंट जॉन भला माणूस आहे म्हणूनच अवघड, तो तिला हिंदुस्थानी शिकायला लावतो, मिशनरी म्हणून भारतात चल म्हणतो, पण बायको होऊन. ती म्हणते येते, लग्न नाही. इथे ‘देवाची इच्छा’ हे शब्द किती वेळा त्याला सोयीचे पडतात ते बघाच. (आणि हो, एवढा भारत भारत चाललंय पण एकही भारतीय माणूस बोलत नाही, तेही नोट करा.)

३७व्यात रॉचेस्टर प्रार्थना करायला लागतो, ते पटतं का तुम्ही ठरवा. शेवटचे शब्द मात्र सेंट जॉनच्या पत्रातले आहेत, मला अजून खटकतात.

कादंबरी १८४७ची, लेखिका शार्लट ब्राँटी पाद्र्याची मुलगी, तरी पुस्तक धर्मविरोधी म्हणून टीका झालीच. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने उत्तर दिलंय की स्वतःला पुण्यवान समजणं म्हणजे धर्म नव्हे. ही प्रस्तावना सुरुवातीला असते, पण सगळ्यात शेवटी वाचा, नाहीतर तिचंच मत धरून सगळं वाचत जाल.