वीज संचाला रोज किती कोळसा लागतो, हे कसे काढावे

अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या संचांपुढे ते लहान ठरतात. हिशेब शिकण्यासाठी मात्र हा आकार सोयीचा आहे.

प्रथम दिवसाची वीजनिर्मिती काढावी. 250 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालल्यास तासाला अडीच लाख, म्हणजे दिवसाला 60 लाख युनिट वीज तयार होते. भारांक, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मितीचे प्रमाण, 80 टक्के धरला, तर ती 48 लाख युनिट भरते.

त्यानंतर उष्णतेचा विचार करावा. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी; परंतु टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेची बरीचशी उष्णता कंडेन्सरमधील (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातील) थंड पाण्यात जात असल्यामुळे या आकाराच्या संचाला दर युनिटमागे सुमारे 2450 किलोकॅलरी पुरवाव्या लागतात. कार्यक्षमता 35 टक्क्यांच्या आसपास राहते ती यामुळेच.

आता कोळशाचा उष्मांक, म्हणजे एक किलो कोळसा जाळल्यावर मिळणारी उष्णता, पाहावा आणि येथे घाई करू नये, कारण संपूर्ण गणित याच आकड्यावर उभे आहे. भारतात औष्णिक कोळशाची जी 1 ते जी 17 अशी प्रतवारी असून जी 13 प्रतीत किलोमागे 3401 ते 3700 किलोकॅलरी मिळतात. 3500 हा आकडा घेतल्यास 2450 भागिले 3500, म्हणजे दर युनिटला 0.7 किलो आणि दिवसाला 3360 टन कोळसा लागतो. तोच उष्मांक 3200 वर आला, तर गरज 3675 टनांवर जाते. खाणीवर नोंदवलेला उष्मांक आणि बॉयलरमध्ये प्रत्यक्ष जाणाऱ्या कोळशाचा उष्मांक सारखा नसतो. पावसाळ्यात ओलाव्यामुळे तो आणखी घसरतो. म्हणून खाणीच्या कागदावरील प्रतीवर विसंबून न राहता बॉयलरपाशी घेतलेल्या नमुन्याचा आकडाच वापरावा. कोळशाची एक रेल्वे रेक (पूर्ण मालगाडी) सुमारे चार हजार टनांची असते, त्यामुळे अशा एका संचाला जवळजवळ रोज एक रेक हवी, असे ढोबळमानाने म्हणता येते.

तयार झालेली सगळी वीज बाहेर जात नाही. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पंखे आणि पंप यांसाठी सुमारे नऊ टक्के वीज केंद्रातच खर्च होते. ती वजा करण्यास बरेच जण विसरतात. राखेचे प्रमाण 40 टक्के धरल्यास रोज सुमारे 1350 टन राख निघते, तर दर युनिटमागे अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

देशाच्या वीजनिर्मितीतील कोळशाचे स्थान ठरवतानाही मेगावॅट नव्हे, युनिट मोजावेत. 2023-24 मध्ये स्थापित क्षमतेत कोळशाचा वाटा जेमतेम निम्मा होता, पण प्रत्यक्ष विजेत तो सुमारे तीन चतुर्थांश होता. दुपारी सौरवीज भरपूर असताना हे संच कमी भारावर चालवून संध्याकाळी पुन्हा वर न्यावे लागतात. कमी भारावर कार्यक्षमता घटत असल्याने अशा दिवसाच्या हिशेबात 2450 ऐवजी वाढीव आकडा धरावा.