अतिदक्षता विभागातील कर्करुग्ण : गंभीर जंतुसंसर्गाच्या रक्तचाचण्या कशा वाचाव्यात

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला गंभीर जंतुसंसर्ग झाला, तरी पू, सूज, कफ ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. स्टेरॉइड चालू असल्यास तापही दबलेला राहतो. त्यामुळे रक्तचाचण्यांवर भिस्त वाढते. मात्र त्या वाचण्याआधी एक नियम पक्का करावा : न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पेक्षा कमी असून ताप एकदा ३८.३ अंश सेल्सिअस भरला किंवा ३८ अंशांवर तासभर टिकला, तर कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा नमुना) घेऊन तासाभराच्या आत प्रतिजैविक द्यावे आणि कोणत्याही अहवालासाठी थांबू नये.

ब्लड कल्चरचे दोन संच घ्यावेत. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असल्यास एक तिच्यातून आणि दुसरा हाताच्या शिरेतून, एकाच वेळी व सारख्याच प्रमाणात. लाइनमधील नमुन्यात जंतूंची वाढ हातातील नमुन्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून अधिक आधी दिसली, तर संसर्गाचे मूळ लाइनमध्येच असण्याची शक्यता बळावते. त्याच वेळी प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणू संसर्गात वाढणारे प्रथिन), सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन), लॅक्टेट (ऊतींवर ताण आला की रक्तात वाढणारा घटक), रक्तपेशींची मोजणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि बिलिरुबिन (यकृतासाठी) यांसाठी रक्त पाठवावे, म्हणजे पुढच्या आकड्यांची तुलना करायला पहिला आकडा हाताशी राहील.

यांपैकी प्रोकॅल्सिटोनिनचा अर्थ सर्वांत काळजीपूर्वक लावावा लागतो. जिवाणू संसर्ग सुरू झाल्यावर ते काही तासांतच वाढू लागते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दर दिवसाला निम्मे होते. एका मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅमच्या वर जिवाणू संसर्गाचा संशय बळावतो आणि २ च्या वर तो गंभीर असण्याची शक्यता बरीच वाढते. ते अनेक अवयवांच्या पेशींत तयार होत असल्यामुळे पांढऱ्या पेशी घटल्या तरी वाढू शकते, पण ती वाढ काहीशी कमी असते. उलट थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग, फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग, मोठी शस्त्रक्रिया किंवा निकामी होत चाललेले मूत्रपिंड यांत संसर्ग नसतानाही ते चढलेले असू शकते. अशा रुग्णाचा या संसर्गापूर्वीचा आकडा जुन्या कागदपत्रांत सापडला, तर त्याचे मोल कोणत्याही छापील मर्यादेपेक्षा अधिक.

सीआरपी यकृतात तयार होते आणि त्याचा कळस गाठायला दीड ते दोन दिवस लागतात. कर्कगाठीमुळेही ते वाढत असल्याने एकट्या चढलेल्या सीआरपीवरून संसर्ग ठरवणे मला तरी धोक्याचे वाटते. सीएआर-टी उपचारानंतर (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याचा उपचार) टोसिलिझुमॅब हे औषध दिलेल्या रुग्णात मात्र फसवणूक उलट दिशेने होते : हे औषध यकृताला सीआरपी बनवायला लावणाऱ्या इंटरल्युकिन ६ या संदेशवाहक प्रथिनाचा मार्ग रोखत असल्यामुळे संसर्ग असूनही सीआरपी खाली राहते.

लॅक्टेट संसर्ग ओळखत नाही, ऊतींची अवस्था सांगते. पुरेसा द्रव देऊनही सरासरी धमनी रक्तदाब ६५ मिलिमीटर (पारा) राखण्यासाठी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध लागत असेल आणि लॅक्टेट एका लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा जास्त असेल, तर २०१६ च्या व्याख्येनुसार तो सेप्टिक शॉक (सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडवण्याची, सर्वांत गंभीर अवस्था) ठरतो. आक्रमक लिम्फोमा, ल्युकेमिया, यकृताचा बिघाड किंवा अॅड्रेनालिनचे ठिबक यांनीही लॅक्टेट वाढते, हे विसरू नये. प्लेटलेटच्या घसरणीचेही तसेच; ती केमोथेरपीची की सेप्सिसची, हे रोजच्या आकड्यांची रांग समोर मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

चार ते सात दिवस ताप हटत नसेल आणि प्रोकॅल्सिटोनिन फारसे वाढलेले नसेल, तर बुरशीचा विचार करून गॅलॅक्टोमॅनन व बीटा-डी-ग्लुकान (बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक) रक्तात तपासावे आणि छातीचा सीटी स्कॅन करावा.

औषध थांबवताना प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग होतो. ते कळसापासून ८० टक्क्यांनी उतरले किंवा ०.५ च्या खाली आले आणि रुग्णही सुधारला, तर प्रतिजैविक थांबवण्याचा विचार करता येतो. न्यूट्रोफिल अजून वर आले नसतील, तर मात्र हा निर्णय केवळ या आकड्यावर न घेता कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.