जुनी गाडी ठेवायची की काढायची? आधी खालून बघा
क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर, बुश, टायर हा झिजणारा माल. त्याचं बिल मोठं आलं म्हणून गाडी विकायला काढू नका; नव्या गाडीलाही ते चुकत नाही. बघायचं ते पत्रा आणि इंजिन.

गाडी लिफ्टवर चढवून दारांखालचा पत्रा, चासी आणि बोनेटखाली शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतो ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचा. वरवरचा गंज घासून प्रायमर मारला की आटोक्यात राहतो. टोक आत घुसलं तर पत्रा कुजलाय. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. शॉकअब्सॉर्बरच्या बैठकीपाशीच कुजलं असेल तर खर्च घालण्यात अर्थ नाही.

पेट्रोल गाडी असेल तर इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे दोन्ही हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं काम; ते बहुतेकदा परवडतं. रिंगांसाठी मात्र इंजिन पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा आधी गाडीचा बाजारभाव काढा.

आणि १५ वर्षं भरत आली असतील तर आरटीओची तपासणी, पुढच्या ५ वर्षांची नोंदणी फी आणि हरित कर हेही त्याच कागदावर मांडा.