शेवटचे सत्र, भटकंती आणि नोकरीचा शोध: सीमाभागातील विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

पदवीच्या शेवटच्या सत्रात वेळ पुरत नाही, अशी तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील विद्यार्थ्यांकडून दरवर्षी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन जून-जुलैपर्यंत रेंगाळणाऱ्या या सत्रात तासिका आधीच्या सत्रांपेक्षा सहसा कमीच असतात. अडचण असते ती तारखांची. मुलाखत, ऑनलाइन चाचणी, प्रकल्पाचे सादरीकरण आणि तोंडी परीक्षा यांच्या तारखा दुसरा कोणीतरी ठरवतो. गडावर कधी जायचे, तालीम किती वाजता ठेवायची, हे आपण ठरवतो. या दोन्ही प्रकारच्या तारखांना सारखेच वजन दिले की गोंधळ होतो. सीमाभागात त्यात आणखी एक भर पडते. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर, बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आणि पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे येथील मुलांसाठी नोकरी शोधणे हाच मुळात प्रवास असतो. प्रवास आणि नोकरीचा शोध ही दोन वेगळी खाती मानणे, ही त्यामुळे सर्वांत मुळातली चूक ठरते.

तिन्ही दिशांना एकाच वेळी धावणे

जानेवारीत उत्साहाच्या भरात पुणे, बेंगळूर आणि गोवा असे तिन्हीकडे अर्ज टाकले जातात आणि मार्चमध्ये सोमवारी पुण्याच्या हिंजवडीत तर बुधवारी बेंगळूरच्या व्हाइटफिल्डमध्ये हजर राहण्याची वेळ येते. दोन्ही ठिकाणी अर्धवट तयारीने जाण्यापेक्षा एक मुख्य आणि एक पर्यायी दिशा आधीच ठरवणे शहाणपणाचे आहे. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने तर लांब जाण्याआधी घराजवळ पाहावे. उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीतील विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्र, आणि निपाणीकरांना तर अगदी शेजारी असलेली कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, हे सारे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा अंतरावर आहे. ‘गावातच नोकरी केली तर लोक काय म्हणतील’ हा विचार येथे अनेकांच्या मनात असतो. पण कारखान्यात वर्षभर प्रत्यक्ष काम केलेला उमेदवार पुण्यातल्या मुलाखतीत कोऱ्या पदवीधरापेक्षा अधिक ठामपणे बोलतो. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांचे गणित अर्थातच वेगळे आहे आणि त्यांना पुणे किंवा बेंगळूर यांपैकी एकाची निवड करावीच लागेल.

मुलाखतीच्या वेळेशी न जुळणारी गाडी धरणे

ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाल्यावर अनेकांना वाटू लागले की आता बेंगळूर जवळ आले. गाडी चांगली आहे. परंतु ती बेळगावहून पहाटे निघून दुपारी बेंगळूरला पोहोचते आणि थोड्याच वेळात परत फिरते. सकाळी दहाच्या मुलाखतीला तिचा उपयोग नाही आणि त्याच दिवशी तिनेच परत येण्याचाही प्रश्न येत नाही. अशा मुलाखतीसाठी आदल्या रात्रीची गाडी आणि परतीसाठी दुसरी रात्र, असे दोन रात्रींचे नियोजन करावे लागते. म्हणजे एका मुलाखतीपायी महाविद्यालयाचे किमान दोन दिवस जातात आणि हजेरीच्या हिशेबात ते दिवस आधीच धरून ठेवावे लागतात. हजेरी अशा कामासाठी राखून ठेवायची असेल तर फेब्रुवारीतल्या गोव्याच्या सहलीत ती उधळून चालत नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. मुलाखतीचे बोलावणे मात्र चार-पाच दिवसांच्या मुदतीने येते, त्यामुळे भिस्त तत्काळवरच राहते. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि स्लीपरचे अकराला सुरू होते, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावरील खात्याची आधार पडताळणी आवश्यक झाली आहे. ही पडताळणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी करायला बसणारा विद्यार्थी हमखास तिकीट गमावतो. ते काम आजच उरकून घ्यावे.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्या कोणाला सुचणार नाही, पण आपल्याला ठाऊक असायला हवी. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवरील कोगनोळी-कागलच्या अलीकडे आणि पलीकडे थांबवल्या जातात. अशा दिवसांत मुलाखत असेल तर रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवावा, किंवा आदल्या दिवशीच कोल्हापूर गाठून नातेवाइकांकडे मुक्काम करावा. विद्यार्थिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे: ११ जून २०२३ पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेचा मोफत प्रवास कर्नाटक परिवहनाच्या साध्या बसगाड्यांपुरता आहे, तो आंतरराज्य बसला लागू होत नाही. हुबळी-धारवाडच्या मुलाखतीसाठी खर्च शून्य धरता येतो, कोल्हापूर-पुण्यासाठी तिकिटाचे पैसे बाजूला ठेवावेच लागतात.

पात्रता न वाचता सरकारी अर्ज भरणे

या चुकीवर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तिच्यात शुल्क, वेळ आणि उमेद, तिन्ही वाया जातात. शेवटच्या सत्रातील विद्यार्थी प्रत्येक परीक्षेला पात्र नसतो. बँकांच्या लिपिक पदांसाठी होणाऱ्या आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या भरतीत अर्ज करतेवेळी पदवी हातात असावी लागते, तर स्टेट बँकेच्या कनिष्ठ सहयोगी पदासाठी आणि सैन्यदलातील अधिकारी निवडणाऱ्या सीडीएस परीक्षेसाठी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अटींसह अर्ज करू शकतात. जाहिरातीतील ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद न वाचता मित्राने भरला म्हणून आपण भरणे, हा प्रकार थांबवायला हवा.

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांपुढे येथे भाषेचाही प्रश्न येतो. बँकांच्या लिपिक भरतीत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता आणि बोलता येत असल्याची चाचणी होते. मराठी माध्यमात शिकलेला आणि कन्नड केवळ बाजारापुरते बोलणारा विद्यार्थी घराजवळ नेमणूक मिळेल या आशेने कर्नाटक निवडतो आणि लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही शेवटी भाषेच्या चाचणीत अडकतो. कन्नड नीट येत असेल तर कर्नाटक निवडावे. येत नसेल तर महाराष्ट्र निवडण्यास रहिवासाची अडचण नाही. मात्र येथेच राहून विक्री, बँक किंवा रुग्णालय अशा क्षेत्रांत काम करायचे असेल तर कन्नड शिकण्याची टाळाटाळ करू नये. मराठीचा अभिमान आणि कन्नडचे ज्ञान एकाच माणसाकडे सुखाने नांदू शकतात.

महाराष्ट्र शासनाच्या भरतीबाबतही पुष्कळांना अपुरी माहिती असते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील उमेदवारांना तेथील जाहिरातींत अर्ज करण्याची सोय असते. त्यासाठी त्या गावांत १५ वर्षे वास्तव्य असल्याचा, विहित नमुन्यातील सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तो एका दिवसात हाती पडत नाही. अर्जाची मुदत संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीलाच, गावी जाण्याच्या एखाद्या फेरीत, या कामाला हात घालावा. त्याच फेरीत सर्व कागदपत्रांवरील नावही तपासून घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम, आधारवर आडनाव आधी, पॅनवर वडिलांचे नावच नाही, आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना एखादे अक्षर बदललेले, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. नेमणुकीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या संस्थेला या घोळामागची कारणे समजावत बसण्यापेक्षा आधीच दुरुस्ती करून घेणे सोपे पडते.

छंद पूर्ण सोडणे, किंवा त्याच्या पूर्ण आहारी जाणे

‘नोकरी लागेपर्यंत सर्व बंद’ असा निश्चय जानेवारीत होतो आणि एप्रिल उजाडताच मोडतो, कारण तेव्हा बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू झालेली असते. वैशाखातील ही मिरवणूक नेमकी प्रकल्प आणि अंतर्गत परीक्षांच्या दिवसांत येते. गावात महालक्ष्मीची यात्रा भरणार असेल तर मग विचारायलाच नको. कित्येक वर्षांनी येणारी ती यात्रा चुकवा, असे सांगण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही. यावर उपाय म्हणजे सहभाग न सोडता जबाबदारी बदलून घेणे. चित्ररथात रोज रात्री दोनपर्यंत चालणारी प्रमुख भूमिका धाकट्या मुलांकडे सोपवावी आणि आपण साहित्याची खरेदी, हिशेब किंवा परवानगीचे अर्ज अशी दिवसा ठरावीक तासांत उरकणारी कामे अंगावर घ्यावीत. एकांकिकेबाबतही तेच: शेवटच्या सत्रात नायक होण्यापेक्षा प्रकाशयोजना सांभाळणे परवडते.

अशा कामाचा बायोडेटात उपयोग करून न घेणे ही त्याला जोडून येणारी चूक आहे. ‘छंद: वाचन, नाटक, ट्रेकिंग’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक बायोडेटात असते आणि मुलाखत घेणारा तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. तीच ओळ ‘महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी वर्गणी जमवणे, भाड्याने दिवे आणणे आणि हिशेब सादर करणे ही जबाबदारी सांभाळली’ अशी लिहिली की पुढचा प्रश्न त्याच विषयावर येतो, आणि त्याचे उत्तर उमेदवाराला पाठ करावे लागत नाही. कडोली किंवा उचगावच्या साहित्य संमेलनात स्वयंसेवक म्हणून काम केले असेल तर तेही याच पद्धतीने लिहावे. अतिशयोक्ती मात्र करू नये. चार खुर्च्या मांडल्या म्हणून ‘कार्यक्रम व्यवस्थापन’ लिहिणारा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

पहिल्या पावसाचा मोह

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की आंबोली, चोर्ला आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातील धबधब्यांकडे दुचाक्या निघतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा असतात. ऑनलाइन मुलाखत ‘वाटेत कुठेतरी थांबून देऊ’ असे ठरवणाऱ्यांनी जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या घाटात मोबाइलची रेंज वारंवार जाते, हे ध्यानात घ्यावे. दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी होणाऱ्या उमेदवाराने असा गुन्हा स्वतःच्या नावावर ओढवून घेण्यात काहीही हशील नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये एखादा मोकळा रविवार मिळाला तर राजहंसगड किंवा महिपालगड अर्ध्या दिवसात होतो आणि अभ्यासाची घडीही मोडत नाही.

मोठ्या सहलीसाठी योग्य काळ शेवटची तोंडी परीक्षा आणि निकाल यांच्या मधला असतो. निकाल लागल्यावर जाऊ, असा बेत बहुतेक जण करतात आणि तिथेच चुकतात, कारण नेमणुकीची पत्रे निकालानंतर हलू लागतात आणि रुजू होण्याची तारीख अचानक कळवली जाते. त्या मधल्या दिवसांत घाटमाथ्यावर धो धो पाऊस असल्यामुळे पश्चिमेला न जाता पूर्वेकडे बदामी, पट्टदकल आणि हंपीचा रस्ता धरावा. तिकडे पाऊस बराच कमी असतो आणि मुलींचा प्रवास साध्या बसने मोफत होतो. परतीचे तिकीट रद्द करता येईल असेच काढावे आणि मूळ गुणपत्रिका घरी एखाद्या विश्वासू माणसाच्या हाती ठेवून जावे, म्हणजे एखाद्या कंपनीने तातडीने प्रत मागितली तर आपण हंपीत असतानाही ती घरून पाठवता येते.