तोरणमाळच्या पायवाटांवर मित्रांसोबत माउंटन बायकिंग

नंदुरबार जिल्ह्यातील, सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळच्या परिसरात पाऊस सरून माती घट्ट बसली की सातपुड्यातल्या अरुंद पायवाटा सायकलीसाठी उत्तम होतात. मात्र जंगलात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. बाभळीचे काटे खानदेशात कोठेही भेटतात, म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये पुरेसे सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) असावे.

उताराला लागण्यापूर्वी सीट खाली घ्यावी, दोन्ही पेडल समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे व कोपरे सैल वाकवावेत आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वाटेवर लांब टाकावी. वेग वळणाआधीच कमी करावा, कारण वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर काळ्या दगडाच्या सुट्या खड्यांवर चाक हमखास निसटते.

दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवावे. वाटेची माहिती असलेला मित्र पुढे असावा. दुरुस्तीचे सामान मात्र सर्वांत मागच्या अनुभवी मित्राकडे द्यावे, म्हणजे कोणाचीही सायकल बिघडली तरी सामान आणणाऱ्याला चढ उलटा चढावा लागत नाही. वाट फुटते तेथे मागचा दिसेपर्यंत थांबावे. सरपणाची मोळी घेतलेले पावरा किंवा भिल्ल आदिवासी बांधव समोरून आले, तर सायकलीवरून उतरून त्यांना आधी जाऊ द्यावे. या वाटा त्यांच्याच रोजच्या वापराच्या आहेत.