भंगार आवारातील जुनी क्रेन आणि पोकलेन चालती ठेवताना

कोल्हापूरच्या फौंड्र्यांना रोज भंगार लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींना ते पुरवणाऱ्या घरगुती आवारांत बहुधा जुनी घेतलेली पोकलेन आणि एखादी हायड्रा (चाकांवर फिरणारी छोटी क्रेन) यांच्यावरच सगळे काम चालते. अशा आवारात सुटा भाग आपल्याच ढिगात सापडतो, ही मोठी सोय आहे. मात्र कोणता भाग ढिगातून उचलायचा आणि कोणता नवाच घ्यायचा, हे आधी ठरवून ठेवले नाही तर हीच सोय महागात पडते.

केबिनचे पत्रे, सीट, लिव्हर, काउंटरवेट, बकेट, ट्रॅकचे रोलर आणि अल्टरनेटर हे भाग तपासून जुने वापरायला हरकत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरही चालतो, पण रॉडवरच्या क्रोमवर नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवे सील किट घालून उपयोग होत नाही, कारण तो ओरखडा नवे सीलही कापतो. वायर रोप, हुक, उचलण्याच्या साखळ्या, हायड्रॉलिक होज आणि स्लू बेअरिंगचे (यंत्राचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचे) बोल्ट मात्र कधीही जुने घालू नयेत. हे भाग आतून किती थकले आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. सांध्यातल्या पिन आणि त्यांच्याभोवतीचे बुश कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरातल्या टर्नरकडून करून घेता येतात. तेथे पिनसाठी ईएन १९ सारखे पोलाद आणि त्यावर योग्य हार्डनिंग मागावे. बूमचे (यंत्राच्या लांब हाताचे) पिनचे भोक लांबट झाले असेल तर आधी लाइन बोरिंग करून, म्हणजे भोक पुन्हा गोल कापून घ्यावे, अन्यथा नवी पिनही लवकरच खडखडू लागते.

रोजच्या देखभालीत सर्वांत जास्त लक्ष हायड्रॉलिक ऑईलच्या स्वच्छतेवर द्यावे. पंपाच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजल्या जातात आणि आवारात लोखंडाचा चुरा, गंज व माती सतत उडत असते. म्हणून ऑईल भरण्यापूर्वी टाकीचे झाकण व त्याच्या भोवतीची जागा पुसावी, ऑईल उघड्या डब्यातून न ओतता गाळणीच्या पंपाने भरावे आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडमध्ये दुसरा ग्रेड मिसळू नये. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. त्यात पितळी चकाकी दिसली तर पंप किंवा मोटर झिजते आहे असे समजावे. ऑईल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरही पाणी आले होते, म्हणून सखल आवार असेल तर पावसाळ्यापूर्वीच यंत्र उंचावर नेण्याची जागा ठरवावी आणि पाण्यात राहिलेले यंत्र सगळी ऑईले तपासल्याशिवाय सुरू करू नये.

भंगारातल्या पोकलेनचा खरा शत्रू म्हणजे बारीक तार. सळ्यांचे तुकडे आणि तार ट्रॅकच्या स्प्रॉकेटभोवती (दातेरी चाकाभोवती) गुंडाळली जाऊन फायनल ड्राइव्हच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) सीलमध्ये घुसते, ऑईल गळते आणि काही काळाने आतले गिअर जातात; एवढ्यासाठी संध्याकाळी यंत्र बंद करून तार कापून काढण्याची सवय ऑपरेटरला लावावी. बूमवरच्या होजवर कन्व्हेयर बेल्टचे जुने तुकडे बांधले तर धारदार पत्र्याचा घाव त्यांच्यावर जातो. रेडिएटरच्या जाळीतला कचरा हवेने पंख्याच्या बाजूकडून बाहेर फुंकावा.

होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करून लिव्हर सर्व बाजूंना हलवून दाब सोडावा आणि टाकीतला दाबही मोकळा करावा. बारीक गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. सुईसारख्या धारेने ऑईल कातडीत शिरले, तर जखम किरकोळ दिसली तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. ट्रॅक सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडावा आणि त्याच्या समोर उभे राहू नये.

क्रेनच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. पुल्यांवरून धावणाऱ्या वायर रोपच्या एका पूर्ण पिळात विखुरलेल्या सहा किंवा एकाच पेडातल्या तीन तारा तुटल्या असतील, अथवा २० मिलीमीटरचा रोप १९ वर आला असेल, तर तो रोप बदलावा. रोपचे टोक बांधणारी क्लिप बसवताना तिचे खोगीर वजन घेणाऱ्या दोराकडे आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाकडे असावा. हुकावर कधीही वेल्डिंग करू नये; नवा असताना त्याच्या तोंडाचे माप लिहून ठेवावे आणि ते वाढलेले दिसताच हुक काढून टाकावा. क्रेनला लावलेल्या विजेच्या चुंबकाचा वीजपुरवठा तुटला की माल खाली पडतो, तेव्हा त्याच्या कक्षेत माणूस नसावा. उचलणी यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेण्याची शिस्त कारखाने अधिनियम १९४८ ने घालून दिली होती आणि लहान आवारानेही ती पाळावी. खंडेनवमीला यंत्रे धुऊन पूजेला उभी असतात, तेव्हा धुतलेल्या बूमवरच्या चिरा पाहण्याइतका चांगला दिवस दुसरा नाही.

चीर वेल्ड करायची झाल्यास बॅटरी सोडावी, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, कारण करंट स्लू बेअरिंगमधून गेला तर त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात. आणि पावसाळ्यात ७०१८ वेल्डिंग रॉड भट्टीत वाळवूनच वापरावेत. चीर त्याच जागी पुन्हा आली, किंवा स्लू बेअरिंगची ढिलाई कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर त्या यंत्रावर आणखी पैसा घालू नये. मात्र ते भंगारात तोडायला गॅस कटर लावण्यापूर्वी डिझेल आणि ऑईल काढून घ्यावे, पंप, मोटर व सिलिंडर सोडवून त्यांची तोंडे बूच लावून बंद करावीत आणि मॉडेल, तास व काढल्याची तारीख लिहिलेली पत्र्याची चिठ्ठी बांधून ते छपराखाली ठेवावेत.