गिटारचा कॅबिनेट डब्यासारखा घुमतोय?

मागून बंद कॅबिनेटचा, म्हणजे गिटारचा स्पीकर बसवलेल्या खोक्याचा, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत असेल, तर स्पीकर बदलण्याआधी गादीवाल्याकडून पॉलिएस्टरच्या कापसाची इंचभर जाड शीट आणा.

अँप (अ‍ॅम्प्लिफायर) बंद करून मागची फळी उघडा. शीट फक्त त्या फळीच्या आतून, स्पीकरच्या बरोब्बर मागे येईल अशी स्टेपल करा. फळी लावून तोच रिफ (छोटी धून) पुन्हा वाजवा. अजून घुमतोय? मग एका बाजूच्या भिंतीवर आणखी एक तुकडा. तिथेच थांबा. मी एकदा उत्साहात सगळा खोका मढवला, तर गिटार उशीत तोंड खुपसून गातेय असं वाटायला लागलं!

कापूस स्पीकरच्या कोनाला, म्हणजे थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला, टेकू देऊ नका. आणि ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर स्पीकरची वायर परत जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.